पाते मोडले, दोष कोणाचा?

चार लोहार, चार भट्ट्या आणि मागे सारखे उतरत जाणारे घड्याळ! अमेरिकेतील ‘हिस्ट्री’ या दूरचित्रवाणी वाहिनीवर २०१५ साली ‘फोर्ज्ड इन फायर’ नावाची एक स्पर्धा सुरू झाली. तिचे भाग तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. पाहिले नसतील तरी हरकत नाही, कारण स्पर्धेची तऱ्हा समजायला अगदी सोपी आहे. पहिल्या फेरीत साधारण तीन तासांत पाते घडवायचे, दुसऱ्या फेरीत त्याला मूठ बसवायची. मग परीक्षक तो सुरा हातात घेतात आणि दणादण चालवतात. कधी हरणाच्या फांदीदार शिंगावर, कधी बर्फाच्या लादीवर, कधी लोंबकळत्या दोरावर. ज्याचा सुरा मोडला तो स्पर्धक बहुधा तिथेच बाद होतो. शेवटी उरलेले दोघे आपापल्या भट्टीवर जाऊन एखादे ऐतिहासिक शस्त्र बनवून आणतात आणि त्यांतल्या एकाला दहा हजार डॉलरचे बक्षीस मिळते. पहिल्याच भागात शेवटचे शस्त्र होते जपानी तलवार, ‘कताना’.

आता पाते मोडण्याचा तो क्षण डोळ्यांपुढे आणा. परीक्षकाचा हात खाली येतो, टण् असा आवाज होतो, पात्याचा तुकडा उडतो आणि स्पर्धकाचा चेहरा खर्रकन उतरतो. नेमक्या त्याच वेळी घराघरांत दुसरी स्पर्धा सुरू होते, ती मतांची! काका म्हणतात, “लोखंडच हलके असणार.” दादा म्हणतो, “छे, पाणी जास्त कडक झाले.” आई म्हणते, “शिंगावर सुरी मारायची कशाला? भाजी चिरून बघावी की!” धाकट्या बहिणीचा ठाम आरोप असतो, की परीक्षकाने या वेळी मुद्दाम जोरात मारले. आणि शेजारचे एखादे गृहस्थ ‘पाते आणखी जाड, आणखी जड हवे होते’ असे सांगून मोकळे होतात.

यांत बरोबर कोण? पडद्यावर आपल्याला दिसतो तो फक्त शेवट. कारण मात्र पात्याच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या स्फटिकांत दडलेले असते. तासन्‌तासांच्या कष्टांचा निकाल एका फटक्यावर लागणार असेल, तर त्या लोहाराच्या दृष्टीने तरी हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तेव्हा एकेक मत घेऊन त्याचीच परीक्षा पाहू.

काकांचे लोखंड

काकांचे मत पहिल्यांदा घेऊ, कारण ते पटकन तपासता येते. शुद्ध लोखंड मऊ असते. त्यात थोडा कार्बन मिसळला की पोलाद होते. बांधकामाच्या सळईत दर शंभर ग्रॅमला जेमतेम पाव ग्रॅम कार्बन असतो. साध्या पोलादाच्या सुरीला मात्र अर्ध्या ग्रॅमपासून एक ग्रॅमपर्यंत लागतो. सळई कितीही लाल करून पाण्यात बुडवली तरी ती सुरीइतकी कडक होत नाही. तिचे पाते केले आणि शिंगावर मारले तर काय होईल? धार दुमडेल, पाते वाकेल. पण टण् करून मोडणार नाही! म्हणजे गंमत अशी, की पाते काचेसारखे तुटले हाच पुष्कळदा पोलादात कार्बन भरपूर असल्याचा पुरावा असतो. काका बहुतेक वेळा चुकतात.

बहुतेक वेळा, नेहमी नव्हे. या स्पर्धेत लोहारांना पुष्कळदा भंगारातला माल वापरावा लागतो. मोटारींचे कमानपाटे, पोलादी दोर, बेअरिंगच्या गोळ्या, काय वाटेल ते! कमानपाटा हा चांगला माल आहे. आपल्याकडचे लोहारही त्याचे कोयते करतात, आणि ऊसतोडीच्या हंगामात असा कोयता दिवसभर न मोडता चालतो. पण निरनिराळे तुकडे तापवून ठोकून एकजीव करायचे असतील आणि मध्ये कुठे मळी अडकली, तर तिथे जोड नसतोच, नुसती फट असते. तिथून पाते उलले तर काकांना अर्धे गुण द्यायला हरकत नाही.

‘मालच तसा’ असे म्हणण्याचा मोह मोठमोठ्यांनाही झालेला आहे. १७९४ साली मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी ‘वूट्झ’ नावाच्या पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पीअर्सन यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला आणि निबंधाच्या मथळ्यातच हे पोलाद मुंबईला बनते असे लिहून टाकले! प्रत्यक्षात ते दक्षिण भारतातल्या मुशींतून येत असे; मुंबई हे नुसते बंदर. पुढे मायकेल फॅरडे यांनी १८१९ साली या पोलादाचे पृथक्करण केले. फॅरडे यांचे वडील स्वतः लोहार होते, बरे का! पोलादातल्या सिलिका आणि ॲल्युमिना या पदार्थांमुळे ते इतके उत्तम होत असावे असे फॅरडे यांना वाटले. ते मत टिकले नाही. खरे महत्त्व होते भरपूर कार्बनाला आणि पोलाद सावकाश निवण्याला. फॅरडेंसारख्यांचे जिथे चुकले तिथे आपल्या काकांना फार बोल लावू नये.

दादाचे पाणी

दादाचे मत अधिक खोल आहे, त्याच्यापाशी थोडा वेळ थांबावे लागेल. ‘पाणी देणे’ हा आपल्या लोहारांचा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. लाल पाते पाण्यात किंवा तेलात बुडवले की ते कडक होते. पण का होते?

लोखंडाचे अणू ठराविक रचनेत बसलेले असतात. एक घन, म्हणजे फाशाचा आकार, कल्पनेत आणा. नेहमीच्या तापमानाला आठ कोपऱ्यांवर आठ अणू आणि मधोमध एक, अशी बैठक असते. लोखंड खूप तापले की ही बैठक बदलते. मधला अणू नाहीसा होतो आणि घनाच्या प्रत्येक पृष्ठभागाच्या मध्यावर एकेक अणू येतो. या नव्या बैठकीत कार्बनाच्या अणूंना शिरायला बरी जागा असते. लोहाराला हा बदल कसा कळतो? सोपी युक्ती आहे. साधारण ७३० ते ७७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पोलादाला लोहचुंबक चिकटेनासे होते. स्पर्धेतले लोहार भट्टीतून पाते काढून त्याला चुंबक लावून पाहतात ते यासाठीच. त्यानंतर आणखी थोडे तापवायचे आणि बुडवायचे.

पाते सावकाश निवू दिले तर कार्बनाचे अणू आपापली जागा सोडून निमूट बाहेर पडतात आणि लोखंडाबरोबर वेगळे थर करून बसतात. शाळा सुटल्यावर मुले ओळीने बाहेर पडावीत तसे. पण पाते एकदम गार केले तर? दार धाडकन बंद झाले! कार्बनाचे अणू आतच अडकतात, लोखंडाच्या अणूंना मूळच्या बैठकीत नीट परतता येत नाही, सगळी रचना ताणलेली, तिरपी होऊन बसते. या रचनेला जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून ‘मार्टेन्साइट’ म्हणतात. ती विलक्षण कठीण असते. अणूंचे थर एकमेकांवरून सरकू शकत नाहीत, म्हणून ती वाकत नाही. आणि वाकत नाही म्हणूनच मोडते.

इथे एक घोटाळा दूर केला पाहिजे, कारण निम्मी भांडणे त्यातून होतात. कठीणपणा आणि चिवटपणा हे दोन वेगळे गुण आहेत. काच कठीण असते, पण चिवट नसते. रबर चिवट असते, पण कठीण नसते. सुरीला दोन्ही हवे असतात, आणि पोलादात एक वाढवला की दुसरा बहुधा कमी होतो. म्हणून बुडवलेले पाते तसेच वापरत नाहीत. ते पुन्हा सुमारे दोनशे अंशांपर्यंत तापवून तास-दोन तास ठेवतात. अडकलेला थोडा कार्बन तेवढ्यात सुटतो, ताण सैल होतो, कठीणपणा किंचित उतरतो आणि चिवटपणा पुष्कळ वाढतो. नुसते गरम होत बसलेले पाते पाहण्यात काय गंमत? तेव्हा हा भाग प्रेक्षकाच्या लक्षात राहत नाही. ज्वाळा उठवत तेलात शिरणारे पाते तेवढे लक्षात राहते!

दादाचे म्हणणे तुम्हाला स्वतः पाहता येईल. शिवणाच्या तीन सुया घ्या. हा प्रयोग घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच करायचा. सुई पकडीत धरायची आणि डोळ्यांवर चष्मा असलाच पाहिजे. पहिली सुई गॅसच्या ज्योतीत लाल करा आणि ज्योतीपासून अगदी हळूहळू दूर नेत निवू द्या. दुसरी लाल करा आणि झटकन पाण्यात टाका. तिसरीही तशीच पाण्यात टाका, मग बाहेर काढून पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा आणि ज्योतीच्या बरीच वर धरून हलकेच तापवा. तिच्यावर आधी पिवळसर, मग तपकिरी, मग निळा रंग चढेल. निळा दिसताच बाजूला घ्या. गार झाल्यावर तिन्ही सुया एकेक करून जाड फडक्यात धरून वाकवा. पहिली वाकेल आणि वाकलेलीच राहील. दुसरी कट्कन मोडेल. तिसरी थोडी वाकून पुन्हा सरळ होईल. माल एकच, कारखाना एकच, पुडी एकच! फरक पडला तो केवळ तापवण्या-निवण्यात.

पण ‘पाणी जास्त कडक झाले’ एवढ्याने दादाचे सुटत नाही. बुडवतानाच आणखी एक संकट असते. मार्टेन्साइट होताना पोलाद सुमारे चार टक्के फुगते. धार पातळ, ती आधी निवते आणि आधी फुगते. पाठ जाड, ती मागाहून. एकाच पात्याचे दोन भाग दोन वेगळ्या वेळी फुगू लागले तर ओढाताण होणारच. जपानी कतानाचा डौलदार बाक याच ओढाताणीतून येतो. तिच्या पाठीवर मातीचा जाड लेप देतात, म्हणजे पाठ सावकाश निवून मऊ राहते. धार तेवढी कडक होऊन फुगते आणि तलवार वाकते. हीच ओढाताण हाताबाहेर गेली तर मात्र ‘टिंग’ असा बारीक आवाज येतो आणि पात्याला केसाएवढा तडा जातो. पाण्यात हा धोका जास्त, कारण पाणी तेलापेक्षा झपाट्याने उष्णता ओढून घेते. कानशीचा एखादा खोल ओरखडा राहिला असेल तर तडा नेमका तिथून सुरू होतो. शाम्पूच्या पुडीला कडेला बारीक काप दिलेला असतो ना, तसेच हे. त्या कापापाशी सगळा ताण गोळा होतो आणि पुडी फाटते.

म्हणजे शिंगावर मोडलेले पाते कदाचित काही तास आधीच, तेलाच्या पिंपात मोडायला सुरुवात झालेली असते. शिंगाने फक्त ते जाहीर केले.

फटका किती जोराचा?

आता बहिणीचा आरोप. परीक्षकाने मुद्दाम जोरात मारले, असे मी म्हणणार नाही. एकच परीक्षक सगळ्या स्पर्धकांचे सुरे चालवतो, हे त्यातल्या त्यात चांगले आहे. पण एका माणसाचा हात दर वेळी अगदी सारखाच पडेल का? गणित करून पाहू. समजा सुरा ४०० ग्रॅमचा आहे आणि आदळताना त्याचा वेग सेकंदाला १० मीटर आहे. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाची निमपट गुणिले वेगाचा वर्ग. ती भरते २० जूल. पुढच्या फटक्याला वेग फक्त ११ मीटर झाला, तर ऊर्जा होते २४.२ जूल, म्हणजे २१ टक्के जास्त! दहा आणि अकरा मीटर यांतला फरक तुम्हाला पडद्यावर दिसेल? मला तरी दिसणार नाही. शिवाय मनगट किंचित वळले आणि पाते तिरपे लागले, तर सगळा जोर कडेने येतो आणि पाते मोडणे फारच सोपे होते. बहिणीचा ‘मुद्दाम’ हा शब्द गाळला तर बाकीच्या शंकेत तथ्य आहे.

२०१८ साली याच कार्यक्रमातून निघालेल्या ‘नाइफ ऑर डेथ’ या स्पर्धेत तर स्पर्धक स्वतःच आपले हत्यार घेऊन अडथळ्यांमधून तोडत धावत. पाहायला मजा येते, पण तिथे सुरा हरला की माणूस हरला, हे सांगणार कोण?

कारखान्यांतल्या लोकांना हा प्रश्न फार पूर्वी पडला होता. एखादे पोलाद किती चिवट आहे हे हातोडा मारून पाहायचे, तर हातोडा दर वेळी सारखाच बसला पाहिजे. फ्रान्समधील जॉर्ज शार्पी यांनी १९०१ साली मांडलेली पद्धत त्यासाठीच आहे. लंबकासारखा टांगलेला जड हातोडा ठराविक उंचीवरून सोडायचा. वाटेत पोलादाचा तुकडा ठेवायचा, १० मिलिमीटर रुंद, १० मिलिमीटर जाड, ५५ मिलिमीटर लांब, आणि त्याला मध्ये २ मिलिमीटर खोल खाच. तुकडा मोडून हातोडा पलीकडे किती उंच जातो ते मोजायचे. जितका कमी उंच, तितकी जास्त ऊर्जा तुकड्याने खाल्ली, म्हणजे तितका तो चिवट. खाच मुद्दाम ठेवतात. शाम्पूच्या पुडीचाच प्रकार! माणसाचा हात, त्याचा थकवा, त्याची आवडनिवड, सगळे बाजूला राहते.

ही काही फक्त सुऱ्यांची हौस नव्हे. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ नावाचे अगदी नवे तेलवाहू जहाज धक्क्याला बांधलेले असताना, शांत पाण्यात, मधोमध दुभंगले. वादळ नाही, टक्कर नाही. त्या पोलादाला जोर कमी नव्हता. पण थंडीत ते ठिसूळ होत होते आणि जोडकामातल्या एका दोषापासून तडा धावत सुटला. त्या काळातल्या अशा अपघातांनंतर जहाजांच्या पोलादाच्या चिवटपणाकडे फार काटेकोरपणे पाहिले जाऊ लागले.

लोहारांच्या जगातही एक बरी परीक्षा आहे. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही संस्था १९७६ साली स्थापन झाली. तिच्या पहिल्या पदवीसाठी लोहाराला आपल्याच सुऱ्याने एकामागून एक चार कामे करून दाखवावी लागतात. मोकळा लोंबणारा एक इंच जाडीचा दोर एका घावात तोडायचा. मग ‘दोन बाय चार’ म्हणून मिळणारा लाकडी वासा दोनदा पार तोडायचा. मग त्याच धारेने हातावरचे केस साफ काढायचे. आणि शेवटी पाते शेगड्यात, म्हणजे बाकाला पक्क्या बसवलेल्या पकडयंत्रात, धरून काटकोनात वाकवायचे. ते मोडता कामा नये. सुरा दहा इंच पात्याहून मोठा चालत नाही. या क्रमात शहाणपण आहे. लाकूड तोडल्यावर पुन्हा केस कापायला लावले, म्हणजे धार टिकली की नाही ते कळते. शिवाय इथे कुणी कुणाच्या विरुद्ध नाही; ठरलेल्या कसोटीला उतरला की पास. काटकोनाच्या कसोटीबद्दल मात्र माझी थोडी कुरकुर आहे. ती पास व्हावी म्हणून पाठ खूप मऊ ठेवावी लागते, आणि असा सुरा वापरताना वाकला तर वाकलेलाच राहायचा, आपल्या पहिल्या सुईसारखा.

आईचे म्हणणे

आईचा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो. सुरीने शिंग कोण तोडते? धारेची परीक्षा धारेच्याच कामाने व्हावी.

धार म्हणजे काय ते आकड्यांत पाहू. समजा सुरीची कड एक मायक्रॉन रुंद आहे, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुमचा केस याच्या पन्नास ते शंभर पट जाड असतो. सुरीचा पाच सेंटिमीटर भाग वस्तूवर टेकला आणि तुम्ही एक किलोच्या वजनाएवढा जोर दिला, तर कडेखाली सुमारे २००० वातावरणांएवढा दाब पडतो! धार बोथट होऊन दहा मायक्रॉनांची झाली की तोच दाब २०० वर येतो. हात तोच, जोर तोच.

शिवाय दाबणे आणि ओढणे यांतही फरक आहे. विळीवर टोमॅटो चिरताना आपण तो नुसता दाबत नाही, दाबत दाबत पुढे सरकवतो. नुसता दाबला तर आधी चेंदा होतो. उकडलेला बटाटा आणि शिवणाचा दोरा घेऊन पाहा. दोरा ताणून सरळ खाली दाबा, मग दुसऱ्या बटाट्यावर करवतीसारखा मागेपुढे ओढत हलकेच दाबा. दुसऱ्या वेळी किती कमी जोर लागतो ते बोटांनाच कळेल. म्हणून दूरचित्रवाणीवरचा परीक्षक दोरावर सुरा नुसता आदळतो की ओढतही नेतो, याकडे लक्ष ठेवा. लोंबता दोर हळू ढकलला तर तो बाजूला पळतो. झटक्यात घाव घातला तर जडत्वामुळे त्याला पळायला वेळच मिळत नाही, आणि मग धार आपले काम करते.

धार जाते कशाने? कठीण वस्तूनेच जाते असे आपल्याला वाटते. पण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले, की दाढीच्या पात्याच्या कडेचे टवके नुसत्या केसाने उडू शकतात. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ! केस तिरपा वाकला आणि पोलादाच्या रचनेत त्या जागी थोडा असमानपणा असला, की टवका जातो. पाहा, इथेही पुन्हा तिरपेपणा आणि आतली रचना हीच दोन कारणे.

सुऱ्यांची धार निःपक्षपातीपणे मोजायची ठरावीक पद्धतही आहे. इंग्लंडमधील शेफील्ड या सुऱ्याकात्र्यांच्या जुन्या गावी त्यासाठी यंत्र बनवले जाते. पाच टक्के सिलिका, म्हणजे जवळजवळ वाळूच, मिसळलेल्या खास पुठ्ठ्यांची चळत ठराविक जोराने पात्यावर दाबून पाते मागेपुढे चालवायचे. किती खोल कापले ते दर फेरीला मोजायचे आणि साठ फेऱ्यांनंतर बेरीज करायची. या यंत्राचा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर लावला तर पाच मिनिटांत सगळे झोपी जातील, हे मात्र खरे!

शेजारच्या गृहस्थांना दोन ओळी पुरेत. पात्याची जाडी चारची पाच मिलिमीटर केली तर वाकण्याला होणारा विरोध चौसष्टाचा एकशे पंचवीस, म्हणजे जवळजवळ दुप्पट होतो, कारण तो जाडीच्या घनाने वाढतो. पण जाड पाते पाचरीसारखे अडकते, आणि जड सुरा हाताला तितक्या वेगाने फिरवता येत नाही. वेगाचा वर्ग आपण आत्ताच पाहिला आहे.

मोडलेल्या तोंडाकडे पाहा

तर मग पडद्यासमोर बसून खरे कारण ओळखता येईल का? एक जागा अशी आहे की जिथे थोडाफार अंदाज बांधता येतो. पाते मोडल्यावर परीक्षक तुकडा उचलून त्याचे मोडलेले तोंड बारकाईने पाहतात, आणि पुष्कळदा कॅमेराही तिथे जवळ जातो. त्या वेळी बोलणे थांबवा आणि नीट निरखा.

तोंड खडबडीत, साखरेच्या दाण्यांसारखे चमचमणारे दिसले, तर पाते भट्टीत फाजील तापले होते. जास्त तापाने स्फटिक मोठमोठे होतात आणि त्यांच्या सीमांवरून तडा सहज धावतो. तोंड मऊ राखाडी, मखमलीसारखे बारीक दिसले, तर तापवणे ठीक झाले होते; मग कारण दुसरीकडे, पातळ पाते, तिरपा फटका किंवा कमी उतरवलेले पाणी यांत शोधायचे. थरांमधून काळसर कवच निघालेले दिसले, तर तिथे जोड बसलाच नव्हता. आणि सगळे तोंड उजळ राखाडी असून धारेजवळच एखादा काळपट किंवा निळसर डाग दिसला, तर तो भाग त्या फटक्याने मोडलेलाच नाही. तिथे तडा पाणी देतानाच पडला होता. नंतर पाते पुन्हा तापवले तेव्हा त्या फटीत हवा शिरली आणि आपल्या तिसऱ्या सुईवर चढला तसा रंग त्या आतल्या भिंतीवर चढला.